गिलावा नव्याने करताना भिंतीतील वाऱ्याची जाळी बुजवावी का?

लेस्टरवासी:
इंग्लंडमधील लेस्टर शहरातले आमचे घर व्हिक्टोरियन काळातील, एकाला एक लागून असलेल्या घरांपैकी आहे. माडीवरच्या खोलीतील बाहेरच्या भिंतीचा गिलावा ठोकल्यावर बद्द वाजतो, म्हणून तो उतरवून नवा करायचा आहे. त्याच भिंतीत छताखाली 9 इंच बाय 6 इंचांची जाळी असून तिच्या बाहेरच्या अंगाला भाजक्या मातीची एअरब्रिक, म्हणजे हवेसाठी भोके असलेली वीट आहे. तिच्यातून येणारा वारा थेट पलंगाच्या उशाशी उतरतो आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईचे खांदे सकाळी आखडलेले असतात. गवंडी म्हणतो की भोकात वीट घालून वरून प्लास्टर फिरवू. खोलीत बंद केलेले जुने धुराडेही आहे आणि त्याच्या तोंडाशी दुसरी लहान जाळी आहे. दोन्ही बुजवणे योग्य ठरेल का?

चुनेवाला:
जाळी कशासाठी ठेवली आहे, हे कळेपर्यंत कृपया एकही वीट लावू देऊ नका. धुराड्याच्या तोंडाची जाळी तर राहू द्याच, कारण तिच्यामुळे आत हवा खेळती राहते. ती बंद झाली की धुराड्यात ओल साचते आणि जुन्या काजळीतील क्षार त्या ओलीबरोबर नव्या गिलाव्यावर पिवळे-तपकिरी डाग काढतात. घराच्या पायथ्याशी, तळमजल्याच्या लाकडी फरशीखाली हवा नेणाऱ्या एअरब्रिकही कधीच झाकू नयेत, नाहीतर तुळया कुजतात. उरली छताजवळची जाळी. त्या खोलीत किंवा तिला जोडलेल्या जागेत लाकडाची, कोळशाची अथवा गॅसची शेगडी आहे का? 5 किलोवॉटपेक्षा मोठ्या लाकडी शेगडीला कायम उघडी राहणारी जाळी लागते, आणि अशी जाळी बुजवल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

लेस्टरवासी:
शेगडी कुठेही नाही. बॉयलर स्वयंपाकघरात असून तो ज्वलनाची हवा नळीने थेट बाहेरून घेतो. खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत, पण त्यांच्या चौकटीत हवेसाठी फट नाही.

चुनेवाला:
मग शेगडीचा धोका नाही. परंतु खिडक्यांत फट नसल्यामुळे त्या खोलीत हवा येण्याची वाट ही जाळीच आहे. रात्रभर दोन माणसे झोपली की श्वासातील बाष्प सर्वांत गार भिंतीवर बसते आणि पलंगामागे काळी बुरशी धरते. म्हणून भोक राहू द्यावे, वाऱ्याचा झोत तेवढा मोडावा, असे माझे मत आहे. आत एकाआड एक पडदे असलेली गोल नळी मिळते; तिच्यातून हवा येते, पण वळणे घेत येत असल्याने झोत अंगावर येत नाही. नळी बाहेरच्या बाजूस किंचित उतरती बसवावी, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही, आणि तिच्याभोवतीची पोकळी चुन्याच्या मसाल्याने घट्ट भरावी. जुन्या भिंतींत वारा पुष्कळदा जाळीतून न येता जाळीच्या कडेच्या सुट्या विटांमधून येतो, हे गिलावा उतरल्यावर तुम्हाला स्वतःच दिसेल.

भिंतमित्र:
यात एक भर घालतो. गवंडी ओल्या गिलाव्याऐवजी प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचे तयार तक्ते चिकटवणार असेल, तर नळीभोवती चिकटद्रव्याचे अखंड कडे करून घ्या. ते नसेल तर गार हवा बोर्ड आणि विटा यांच्यामधल्या फटीत शिरून साऱ्या भिंतीभर फिरते, आणि जाळी कितीही चांगली असली तरी खोली गारच राहते. आमच्या घरात हेच झाले आणि नवा बोर्ड कापून काढावा लागला. तुमची भिंत 9 इंची, पोकळी नसलेली असेल, तर मी बोर्डाऐवजी चुन्याचाच गिलावा करीन, कारण तो विटांतील ओल बाहेर पडू देतो. शिवाय इंग्लंडच्या नियमांनुसार बाहेरच्या भिंतीचा निम्म्याहून अधिक गिलावा बदलला, तर उष्णतारोधनाची अट लागू होऊ शकते, म्हणून स्थानिक परिषदेच्या बांधकाम नियंत्रण विभागाला आधी विचारा.

लेस्टरवासी:
दोघांचे मनापासून आभार. गवंड्याला विटेचे काम थांबवायला सांगितले आहे. नळी गिलाव्यापूर्वी बसवावी की नंतर?

चुनेवाला:
आधी. नळी बसवून तिचे तोंड चिंधीने बंद करा, गिलावा तिच्या कडेपर्यंत आणा, आणि आतली जाळी मात्र रंग वाळल्यावरच लावा. तोवर आईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवणे बरे.