नवा राउटर लावला, वायफाय दिसतंय पण नेट नाही. घरच्या घरी जोडता येईल का?

गुहागरकरीण
नमस्कार मंडळी. परवाच्या विजांमध्ये आमचा राउटर गेला. चिपळूणहून नवा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वायफाय देणारा, आणला. कनेक्शन गावातल्या केबलवाल्याचं, फायबरचं. पडवीच्या भिंतीवर त्याचा पांढरा डबा आहे, त्यातून लॅनची वायर राउटरला येते. मोबाइल वायफायचा पासवर्ड घेतो, पण खाली ‘इंटरनेट नाही’ असं येतं. राउटरचा दिवा नारंगी. केबलवाल्याचा माणूस सोमवारी येणार. लेकीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा, कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म त्याआधी भरायचाय आणि घरात मोबाइलला धड रेंज नाही.

फायबरवाला_सांगली
ताई, येईल जोडता. माझं रोजचं कामच हे आहे.

वायफाय लागलं म्हणजे फोन राउटरपर्यंत पोचला, एवढंच. राउटरला पुढे नेट मिळतंय का, हे वेगळं बघावं लागतं. आधी पांढऱ्या डब्याकडे बघा. ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटलीय किंवा कुठेतरी दुमडलीय, मग माणूस येईपर्यंत थांबायलाच हवं. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू मात्र नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पॉन हिरवा असेल तर वायर ‘वॅन’ लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे ना ते बघा. त्याचा रंग सहसा इतर पोर्टांपेक्षा वेगळा असतो. मग मोबाइल डेटा बंद करून, वायफायवर राहून, राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. आत ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’च्या पानावर कनेक्शनचा प्रकार निवडायचा असतो. नवा राउटर बहुतेक वेळा ‘डायनॅमिक आयपी’वर, म्हणजे काही न भरता आपोआप जोडण्यावर येतो आणि गावाकडचे पुष्कळ केबलवाले पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडण्याचा प्रकार वापरतात. तुमचं घोडं इथेच अडलं असणार. पीपीपीओई निवडा, युजरनेम-पासवर्ड केबलवाल्याकडून फोनवर मागून घ्या. टाळाटाळ केली तरी ठाम राहा, पैसे तुम्ही भरता, ती माहिती तुमच्याकडे असायलाच हवी.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, १४९२ ठेवा. नेहमीचं पॅकेट १५०० बाइटचं, त्यातले ८ पीपीपीओईला लागतात. हा आकडा चुकला की काही साइट उघडतात आणि काही नुसत्या गोल फिरत बसतात, ऐन फॉर्म भरताना ते नको. व्हीलॅनचा (केबलवाल्याच्या जाळ्यातल्या वेगळ्या वाटेचा) रकाना, त्यांनी नंबर सांगितला तरच भरा.

जांभा_चिरा
एक जोड देतो. काही ठिकाणी पीपीपीओई त्या पांढऱ्या डब्यातच भरलेलं असतं. लॅपटॉप थेट डब्याला वायरने जोडून बघा. काहीही न भरता नेट चाललं तर राउटर ‘डायनॅमिक आयपी’वरच राहू द्या. फक्त दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरचा बदलून १९२.१६८.५.१ करा, नाहीतर दोघांची टक्कर होते.

गुहागरकरीण
पॉन हिरवा आहे, वायर वॅनमध्येच होती. लॅपटॉप थेट लावला, नेट नाही. युजरनेम रिचार्जच्या मेसेजमध्येच सापडलं, पासवर्ड त्यांनी फोनवर दिला. पीपीपीओई केलं, पण ‘कनेक्टिंग’वरून पुढे सरकत नाही.

फायबरवाला_सांगली
मग बहुतेक मॅक, म्हणजे यंत्राचा ओळख नंबर, बांधलेला आहे. जुन्या राउटरचा मॅक नंबर त्यांच्या सर्व्हरवर नोंदलेला असतो, दुसरं यंत्र लावलं की तो दाद देत नाही. केबलवाल्याला फोन करून एवढंच म्हणा, “राउटर बदललाय, मॅक रिलीज करा.” त्यासाठी घरी यावं लागत नाही, ऑफिसात बसून होतं. नंतर राउटर दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा, म्हणजे जुनं सेशन अडकलेलं असलं तरी सुटेल.

गुहागरकरीण
दादा, लागलं! दिवा हिरवा झाला. लेक फॉर्म भरायला बसलीय. माजघरात मात्र स्पीड कमी येतोय. आणि पुन्हा विजा झाल्या तर काय करायचं?

जांभा_चिरा
माजघरात २.४ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा. ५ वेगवान आहे, पण चिऱ्याच्या जाड भिंतीतून फारसं पार होत नाही. राउटर कोपऱ्यातून काढून दाराच्या रेषेत, उंचावर ठेवलात तर आणखी फरक पडेल.

फायबरवाला_सांगली
फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही. ती येते अ‍ॅडॉप्टरमधून आणि तांब्याच्या लॅन वायरमधून. गडगडायला लागण्याआधीच, आभाळ भरून आलं की डबा आणि राउटर दोन्हींचे अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मधली लॅन वायरही काढून ठेवा. खांबावरून येणाऱ्या फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती घराबाहेरच संपवलीय ना, एवढं सोमवारी येणाऱ्या माणसाकडून बघून घ्या. पडवीत डब्यापर्यंत आणली असेल तर बाहेर हुकापाशी कापायला सांगा.