मदत हवी आहे: गटाबरोबर सायकल चालवताना स्वतःचा वेग कसा सांभाळावा?

नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ४९ वर्षे, नोकरी बैठी. दोन वर्षांपूर्वी रक्तदाब वाढू लागल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा सात गिअरची साधी हायब्रिड सायकल घेतली आणि सोसायटीतील आठ-नऊ जणांच्या गटाबरोबर दर रविवारी पहाटे बाहेर पडू लागले. कधी गंगापूर धरण, कधी त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी आणि सगळ्यांची तयारी असेल तेव्हा थेट त्र्यंबकेश्वर, म्हणजे जाऊन-येऊन ५५ ते ६० किलोमीटर. वाटेत चहा व्हायचा, परतताना मिसळ व्हायची आणि चढावर कोणी मागे राहिले तर दोघे-तिघे आपणहून त्याच्याजवळ थांबायचे. त्या रविवारची मी आठवडाभर वाट पाहत असे.

गेल्या सहा महिन्यांत मात्र चित्र पालटले आहे. मोबाइलच्या ॲपवर प्रत्येकाचा सरासरी वेग दिसू लागला, त्याची रोज चर्चा होऊ लागली आणि हळूहळू आमच्या फेरीची शर्यत झाली. शर्यतीबद्दल माझ्या मनात अनादर अजिबात नाही. आमच्याच नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण मला हवी आहे ती चांगली तब्येत आणि चार माणसांची सोबत.

मागच्या रविवारी पपया नर्सरीच्या चौकातून निघाल्यापासून पुढच्यांचे लाल दिवे नजरेआड होऊ नयेत म्हणून मी जोर लावला. त्या रस्त्याचा चढ डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण पायांना बरोबर कळतो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. महिरावणी मागे पडेपर्यंत मला धाप लागली आणि मांड्या भरून आल्या. अंजनेरीच्या फाट्याला पोचले तेव्हा बाकीचे चहा संपवून हेल्मेटचे पट्टे लावत होते. मी स्टँड लावते न लावते तोच सगळे निघाले. मी उभ्या उभ्या अर्धी बाटली पाणी प्यायले आणि त्यांच्या मागे गेले. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही, हे मला त्या दिवशी फार लागले.

सुरुवातीचा वेग किती ठेवावा, म्हणजे शेवटपर्यंत दम टिकेल? सावकाश सायकल चालवून तब्येतीला खरोखर उपयोग होतो का? आणि मन न दुखावता गटाला हे कसे सांगावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावरच बाकीचे अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि मध्यम श्रमाची सोपी खूण म्हणजे सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. तुमची रविवारची फेरी या मापात चांगली बसते, फक्त आठवड्यात आणखी दोन दिवस अर्धा-अर्धा तास जोडावा. रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे किती जोर लावावा, हे एकदा डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पहिली वीस मिनिटे मुद्दाम हलक्या गिअरवर चालवा. एका गुडघ्याकडे लक्ष ठेवून १५ सेकंदांत तो किती वेळा वर येतो ते मोजा. वीस वेळा आला तर मिनिटाला पॅडलचे ८० फेरे होतात, आणि सपाटीवर तेवढे पुरेसे आहेत. समोरून वारा असताना वेगाचा आकडा पाहूच नये. श्वास स्थिर ठेवावा आणि वेग पडेल तेवढा पडू द्यावा. पुढच्या सायकलच्या मागे राहिल्यास वाऱ्यापासून आडोसा मिळतो, मात्र सराव नसताना चाकाला चाक भिडवू नये.

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पूर्ण करायच्या सायकलफेऱ्या, करतो. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-जेवण धरून ताशी १५ किलोमीटरपेक्षाही थोडे कमी, आणि निकालात पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. लांब पल्ला गाठायला शर्यत करावी लागत नाही, हे तुमच्या गटाला अवश्य सांगा.

प्रतिसाद २

आमच्या सांगलीच्या गटातही हेच झाले होते आणि तीन चांगल्या बायका त्यापायी यायच्या बंद झाल्या, याची मला आजही खंत वाटते. मग आम्ही ठरवले की थांब्यावरचा वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायचा, आणि तोही पूर्ण पंधरा मिनिटे. ज्यांना जोरात जायचे आहे त्यांनी पुढे जावे, पण वळून मागच्यांना भेटायला यावे. त्यांचे किलोमीटरही वाढतात. सर्वांत मागे दर वेळी एक अनुभवी माणूस असतो, त्याच्याकडे पंप आणि पंक्चरचे सामान असते आणि तो कोणालाही ओलांडत नाही. कोणाकडे बोट न दाखवता, ‘आपण असे करून पाहू या का?’ एवढेच विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी गटातील सर्वांत ज्येष्ठ काकांशी बोलले. मी अर्धे बोलून होते न होते तोच ते म्हणाले, “अगं, मलाही दम लागतो, पण सगळे पुढे जातात म्हणून मीही रेटतो.” त्यांनीच रात्री गटावर निरोप टाकला की येत्या रविवारी फक्त गंगापूर धरणापर्यंत जायचे, चहा शेवटचा माणूस आल्यावर सांगायचा आणि सर्वांत मागे ते स्वतः राहतील. सात जणांनी होकार कळवला आहे. गुडघे मोजण्याचा सराव मी उद्या सकाळी अर्धा तास करून पाहणार आहे, आणि रविवारनंतर काय झाले ते इथेच लिहीन.