अजिंठ्याला गर्दी परतली, मग फर्दापूरच्या गाळ्यांवर गल्ला का नाही?

वाघूरकाठ:
"सुट्टीत फर्दापूरच्या टी-पॉइंटला (लेण्यांकडे जायच्या बस सुटतात तिथे) पाय ठेवायला जागा नसते, तरी दुकानदारांचं कोविडचं रडगाणं संपत नाही" ही पोस्ट जळगावच्या ग्रुपांवर फिरतेय. लिहिणाऱ्याने माणसं मोजली, गल्ला पाहिला नाही. लेणी मार्च २०२० ला बंद झाली, डिसेंबरात उघडली, एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद. पण गारगोटी, झिओलाइट (काळ्या पाषाणातले स्फटिक) आणि चित्रांची पुस्तकं घेणारं गिऱ्हाईक परदेशी. त्यांचे पर्यटक व्हिसा नोव्हेंबर २०२१ ला खुले झाले, नेहमीची विमानं २७ मार्च २०२२ ला, म्हणजे हंगाम सरल्यावर. बौद्ध लेणी पाहायला येणाऱ्या जपान्यांच्या देशाने आपली दारं पूर्ण उघडली ऑक्टोबर २०२२ ला. जळगावला थांबणारी पर्यटकांची आलिशान गाडी डेक्कन ओडिसी तर सप्टेंबर २०२३ ला परत आली. धंदा ऑक्टोबर ते मार्च एवढाच, त्यातले दोन हंगाम कोरडे गेले. ४० रुपयांचं तिकीट काढणारा चहा-भजी खातो, टोपी घेतो. दगड नेणारा ६०० रुपयांचं परदेशी तिकीट काढणारा होता.

पहूरचा पाटील:
भाऊ, अर्धंच सांगितलं. देशी गिऱ्हाईकही दगड घेईल, पण त्याला गुलाबी, जांभळ्या अकीकाच्या (अगेट दगडाच्या) चकत्या "अजिंठ्याच्या डोंगरातल्या" म्हणून दाखवतात. पंधराशे सांगून दोनशेला देतात. अॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायच्या द्रवात) कापूस भिजवून घासा, रंग हातात येतो. कोविडच्या आधीही हेच चालायचं.

गाळेवाला:
सगळे रंग अॅसिटोनने उतरत नाहीत, नीट माहिती घेऊन लिहा. गुलाबी अॅनिलिन या कृत्रिम रंगाचा, तो उतरतो आणि उन्हात फिका पडतो. निळा पोटॅशियम फेरोसायनाइडमध्ये मुरवून मग लोहाच्या क्षारात बुडवलेला, तो दगडातच बसतो. काळा साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात टाकलेला, तोही पक्का. पण यात झिओलाइटला ओढू नका. पीच रंगाचा स्टिलबाइट हा झिओलाइट आणि त्याच्यासोबत सापडणारा हिरवा अपोफिलाइट आपल्याच काळ्या पाषाणाच्या पोकळीतून निघतात, खाणीत नाहीतर विहीर खोदताना. त्यांना सहसा कुणी रंगवत नाही.

पहूरचा पाटील:
रंगवत नसतील, पण अॅसिडने धुतात ना? वरचं कॅल्साइट (चुन्याचं खनिज) काढायला हायड्रोक्लोरिक वापरलं की स्टिलबाइटची मोत्यासारखी चमक जाते, पृष्ठभाग पांढुरका, मेलेला होतो. तुटलेलं टोक गोंदाने चिकटवतात तेही सांगा. भिंग लावलं की सांध्यावर गोंदाची रेष आणि बुडबुडे दिसतात.

गाळेवाला:
चिकटवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण टोक का तुटतं? अपोफिलाइट आडव्या पातळीत सहज फुटतो. मऊ कागद न घालता एकावर एक रचला की हादऱ्याने टोक सपाट उडतं. पहूरकडून माल आणताना रस्ता किती वर्षं उखडलेला होता, ते तुम्हालाच जास्त माहीत.

मेहरूण:
रस्त्याचं नावच काढू नका, चौपदरीकरणाने या पट्ट्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं कोविडनेही नाही. आणि दगडावरच का अडलाय? केळीचे वेफर्स ठेवा. खाद्य परवान्याची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, देशी गिऱ्हाईक हातोहात नेईल.

गाळेवाला:
दादा, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली साध्या पिशवीतले वेफर्स काही दिवसांत खवट होतात. नायट्रोजन भरलेलं जाड पाकीट लागतं, तेवढं भांडवल कुठून आणायचं? दगड पडून राहिला तरी नासत नाही.

वाघूरकाठ:
मूळ मुद्दा भांडवलाचाच होता, तुम्ही दोघांनी तो अॅसिडमध्ये बुडवला. आधी जळगावहून माल उधारीवर यायचा, हंगाम संपला की हिशोब. बंदीत जुनी उधारी थकली, आता घाऊकवाला रोख मागतो. कोविडची सरकारी मदत इथवर पोहोचलीच नाही. स्वनिधी या केंद्राच्या योजनेचं पहिलं कर्ज २०२० ला दहा हजारांचं होतं, तेही शहरी फेरीवाल्यांसाठी, शिफारसपत्र देणार नगरपालिका. फर्दापूरला ग्रामपंचायत. तारण न मागणारी आपत्कालीन कर्जयोजना २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेत कर्ज होतं त्यालाच होती, सुरुवातीला शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. इथल्या गाळेवाल्याचं देणं घाऊकवाल्याकडे, बँकेच्या वहीत त्याचं नावच नाही. हप्ते लांबवायची सवलतही त्यामुळे त्याला मिळाली नाही.

पहूरचा पाटील:
स्वनिधीचं माहीत नव्हतं. ते तुमच्यापर्यंत पोहोचलं नाही हे चूक आहे, मान्य. पण रंगवलेल्या चकत्या वेगळ्या ट्रेमध्ये, "रंगवलेला" अशी पाटी आणि एकच भाव, एवढं केल्याशिवाय मी कुणाला तिथे खरेदी करा म्हणणार नाही.

गाळेवाला:
पाटी लावायला हरकत नाही. एकट्याने लावली तर शेजारचा तोच माल "अस्सल" म्हणून विकेल. सगळ्या गाळ्यांचं ठरलं पाहिजे, तेही ऑक्टोबरच्या आत.