अनुभव धागा : सेरेब्रल पाल्सी, बोटॉक्स-प्लास्टर आणि त्यानंतरचं घर

पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन (ताठ स्नायू ढिला करणारं), मग प्लास्टर, मग एएफओ, म्हणजे पायाचा स्प्लिंट. सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडणं) असलेल्या मुलाच्या बाबतीत इथवरचं डॉक्टर सांगतात. पण वॉर्डात फिजिओथेरपी मिळते दिवसाला तास-दीड तास, बाकीचा दिवस आणि सगळी रात्र घरच्यांकडे. त्या वेळात काय करायचं, काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहा. हळहळ नको, मालिशवाल्या बाबांचे पत्तेही नकोत.

उंबरठा
आधी औषधाचं वेळापत्रक समजून घ्या. इंजेक्शननंतर काही दिवसांत स्नायू सैलावू लागतो, साधारण २ ते ६ आठवड्यांत परिणाम सर्वांत जास्त असतो आणि ३-४ महिन्यांत ओसरतो. म्हणून तारीख घेताना गणपती, घरातलं लग्न, आईबाबांची रजा हे सगळं बघा. पुढचे दोन महिने रोज व्यायाम होणार नसेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. बोटॉक्सने स्नायू लांब होत नाही, फक्त ढिला होतो. लांब करायचं काम प्लास्टर, स्ट्रेचिंग आणि स्प्लिंटचं. इंजेक्शननंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत गिळताना ठसका लागू लागला, आवाज बारीक झाला किंवा श्वास जड वाटला, तर पुढच्या ओपीडीची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रानजाई
प्लास्टर पीओपीचं (प्लास्टर ऑफ पॅरिस) असेल तर पुरतं वाळायला दोनेक दिवस लागतात. तोवर पाय उचलायचा तो तळहातांवर. बोटं रुतली की आत खळगा पडतो आणि नेमकी तिथेच कातडी सोलवटते. फायबरचं प्लास्टर लवकर वाळतं, पण कड धारदार राहते, तिथे मऊ पट्टी लावून मागा. पहिले दोन दिवस पाय उशीवर, छातीपेक्षा उंच.

दर दोन-तीन तासांनी पायाची बोटं बघा. नख दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, किंवा बोटं हळूच वर वळवताना मूल किंचाळलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठवा. घरी असाल तर थेट कॅज्युअल्टी. खाज सुटली म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नका. आतली जखम दिसत नाही, चारपाच दिवसांनी वास येतो तेव्हा कळते. टाचेच्या एकाच जागी सतत दुखतंय असं मूल सांगत असेल किंवा त्या पायाला हात लावला की रडत असेल, तर प्लास्टर उघडून बघायला सांगा. 'लाडावलंय' म्हणून सोडून देऊ नका.

आठवड्याने प्लास्टर बदलतात, पुन्हा घालताना पाऊल थोडं अधिक वर आणतात. दोन प्लास्टरांच्या मधला अर्धा तास म्हणजे पाय धुवायची संधी. कोमट पाणी, सौम्य साबण, बोटांच्या बेचक्या कोरड्या. तेल लावू नका, कातडी नरम पडते.

कट्टा७ (फिजिओ, जिल्हा रुग्णालय)
पोटरी ताणताना जवळपास सगळ्या घरांत एकच चूक होते: पावलाचा पुढचा भाग धरून वर ढकलतात. त्यात टाच ताणली जात नाही, पाऊल मधल्या सांध्यातून वाकतं आणि तळवा बाहेर फुगतो. तुम्हाला वाटतं पाय वर आला, पण पोटरी होती तिथेच. बरोबर पद्धत अशी: गुडघा सरळ. टाच तुमच्या तळहाताच्या वाटीत, तळवा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकलेला. पाऊल किंचित आत वळवून घ्या, टाच खाली ओढा, मग पाऊल हळूहळू वर. झटका दिलात तर स्नायू उलट आवळतो, सीपीचं मूळ दुखणंच ते आहे. ३० सेकंद धरा, चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. मूल रडून अंग ताठ करत असताना केलेलं स्ट्रेचिंग फुकट जातं. आंघोळीनंतर अंग सैल असतं, ती वेळ साधा.

तेलमालिशीने स्पास्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, जात नाही. मुलाला आवडत असेल तर करा, पण व्यायामाची वेळ त्यात घालवू नका.

मोगरा
एएफओबद्दल. मोजे सुती, गुडघ्यापर्यंत, बिनशिवणीचे मिळाले तर उत्तम, आणि एकही चुणी नको. घालताना गुडघा वाकवा, टाच पुरती मागे बसवा आणि घोट्यावरचा पट्टा सगळ्यात आधी आवळा, पोटरीचा नंतर. उलट केलंत तर टाच वर सरकते आणि पाऊल आत चवडा टेकवूनच राहतं. मागच्या बाजूला टाचेशी पेन्सिलने छोटी खूण करा, टाच बसली का ते लगेच दिसतं.

पहिल्या दिवशी तासभर घालून काढा आणि कातडी बघा. लाल डाग २०-३० मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर तो भाग तापवून मोकळा करून घ्यावा लागतो. त्यासाठी ऑर्थोटिस्टकडेच (स्प्लिंट बनवणाऱ्याकडे) जा, घरी गॅसवर धरू नका. आठवडाभरात वेळ वाढवत न्या. पॉलिप्रॉपिलीन असल्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गच्चीवर उन्हात ठेवलं तर आकार जातो.

बूट एक-दोन नंबर मोठा, पुढपर्यंत उघडणारा, आतला तळ काढता येणारा. एएफओ घेऊनच दुकानात जा.

उंबरठा
मोगराताई, वेल्क्रो महिनाभरात पकडेनासा होतो. नवा लावायचा का?

मोगरा
आधी साफ करा. खरखरीत बाजूत मोज्याचे धागे अडकलेले असतात, जुन्या दात घासायच्या ब्रशने निघतात. तरी पकडत नसेल तर चप्पल शिवणारेही पट्टा बदलून देतात. मात्र लांबी आणि जागा तीच ठेवायला सांगा.

पाटावरची
बसणं आणि जेवण यांचा विचार एकत्रच करा. नितंब खुर्चीच्या मागे टेकलेले, गुडघे काटकोनात, पावलं पाटावर सपाट. खुर्चीच्या बैठकीची पुढून मागपर्यंतची खोली = पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं माप वजा दोन-तीन सेंटिमीटर. खोली जास्त असली की मूल पुढे घसरतं आणि मान मागे जाते. मागे गेलेल्या मानेने घास थेट श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. म्हणून मान सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणाऱ्याने मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की मूल वर बघतंच.

सगळ्यात अवघड अन्न म्हणजे एकाच घासात पाणी आणि कण: पातळ आमटीतला भात, दुधात भिजवलेला पोळीचा काला. पाणी आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात. त्यापेक्षा वरणभात एकजीव कुस्करून तूप घाला. नाचणीचं सत्त्व चमच्याला लपेटून राहील इतकं घट्ट. चमचा सपाट, जिभेच्या मध्यावर किंचित दाबून सरळ बाहेर, वरच्या दातांवर घासायचा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरता येत असेल किंवा वारंवार छाती भरत असेल तर गिळण्याची तपासणी मागा. बद्धकोष्ठासाठी मनानेच इसबगोल देऊ नका. गिळायला त्रास असलेल्या मुलाच्या घशात तो फुगून अडकू शकतो.

कट्टा७
एक भर. डिस्चार्जच्या कागदावर नुसतं 'फिजिओ सुरू ठेवा' लिहिलेलं असेल तर परत करा. कोणता व्यायाम, किती वेळा, स्प्लिंट दिवसा किती तास आणि रात्री घालायचा की नाही, पुढची भेट कधी, हे लिहून घ्या. थेरपिस्ट व्यायाम दाखवतात तेव्हा तुमच्या हाताने करून दाखवा आणि तेवढ्यापुरता व्हिडिओ काढायची परवानगी मागा. बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) सुरू असेल तर 'संपलं' म्हणून एकदम बंद करू नका, कमी करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने.

आणि खुब्याचा एक्स-रे. पायावर लक्ष असतं म्हणून हा राहून जातो. जी मुलं स्वतः चालत नाहीत त्यांचा खुबा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. लंगोट बदलताना मांड्या उघडेनाशा होणं ही घरात दिसणारी पहिली खूण. डॉक्टर सरकण्याचं प्रमाण टक्क्यांत मोजतात, ३० च्या पुढे गेलं की ऑर्थोपेडिककडे. मागचा एक्स-रे सोबत नेला तरच फरक कळतो, सगळ्या फिल्म एका पिशवीत ठेवा.

रानजाई
फिट येत असतील तर घड्याळ लावा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवणं बंद. पाच मिनिटांवर गेली की इमर्जन्सी. फिट थांबवायला नाकातला मिडाझोलामचा फवारा दिला असेल तर किती वेळा मारायचा हे वजनावर ठरतं. तो आकडा बाटलीवरच चिकटवा आणि वजन वाढलं की बदलून घ्या.

चौकट
कागद. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, तिथे फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (जेवण, कपडे अशी रोजची कामं शिकवणारी) मिळते. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत (१९५५ पासून) एएफओ बनवणारी कार्यशाळाच आहे. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आधी काढा, त्यावर बाकीचं अवलंबून. मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र देतात, मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा. राष्ट्रीय न्यासाची (केंद्र सरकारची संस्था) निरामय ही आरोग्य विमा योजना सीपीला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपीसाठी त्यात वेगळी पोटमर्यादा असते, म्हणून थेरपीची बिलं तारखेसह वेगळी घ्या, एकत्र बिल अडकतं. रेल्वेची सवलत रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावरच मिळते, ती सोबत्याच्या तिकिटालाही मिळते.