प्रयोगशाळेत काय घडलं, काय टळलं: तुमचे अनुभव लिहा

जूनमध्ये शाळा उघडली की आमचं पहिलं काम प्रयोगशाळेचं कपाट. यंदा दार ओढलं आणि तीन लेबलं पायाशी पडली. मुंबईची दमट हवा आणि हायड्रोक्लोरिकच्या वाफा, दोघांनी मिळून डिंक संपवला होता. बिजागऱ्याही गंजून लाल. तिन्ही बाटल्यांत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी. कुठलं लेबल कुणाचं, हे आता कोण सांगणार?

म्हणून हा धागा काढते आहे. नियमांचा तक्ता सगळ्यांच्याच भिंतीवर आहे, तो इथे नको. त्या दिवशी नेमकं काय झालं, कुणाचा हात कुठे होता, पाणी कुठे होतं, ते लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र घालू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. नववीच्या वर्गाला विरल सल्फ्युरिक आम्ल लागणार होतं. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात एका मुलाने मदत म्हणून चंचुपात्रातल्या तीव्र आम्लात वरून पाणी ओतलं. 'आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही' हे त्याला तोंडपाठ होतं. पण आम्ल आधी मोजून टेबलावर ठेवलं होतं मीच, आणि पाणी छोट्या भांड्यात बाजूला. मोठ्या भांड्यात छोटं ओतायचं, एवढंच त्याच्या हाताला कळलं. तीव्र सल्फ्युरिक पाण्याच्या १.८४ पट जड असतं, त्यामुळे पाणी वर तरंगतं, जिथे दोन्ही भेटतात तिथे एकदम उकळतं आणि आम्लाला घेऊनच उडतं. तसंच झालं. गालावर आणि डाव्या डोळ्यात.

त्याला धरून बेसिनपाशी नेलं. नळ सोडला तर नुसती हवा. पालिकेचं पाणी साडेनऊला जातं आणि टाकीचं आमच्या मजल्यावर चढलेलं नव्हतं. शिपाईमामा खालून पिण्याच्या पाण्याच्या कळश्या घेऊन धावत आले. डावा डोळा खालच्या बाजूला राहील असं डोकं कलतं करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, वीस मिनिटं आम्ही तांब्याने संथ धार धरली. कुणीतरी खायचा सोडा पुढे केला, तो मी लावू दिला नाही. डोळ्यात पाण्याशिवाय काही घालायचं नसतं. आम्लावर सोडा पडला की फसफसून फेस येतो, आणि तो डोळ्यातच. तिथून थेट पालिकेच्या रुग्णालयात नेलं, आम्लाचं नाव चिठ्ठीवर लिहून. दृष्टी वाचली. गालावर तांदळाएवढा डाग राहिला.

तेव्हापासून पाण्याने भरलेली मोठी चंचुपात्रं आधी मांडली जातात. आम्लाची बाटली माझ्या हातातून सुटत नाही. आणि तासाची घंटा होण्याआधी मी स्वतः नळ सोडून बघते.

गिरगावातली एक माजी विद्यार्थिनी

आमच्या वेळी स्पिरिटचे दिवे होते. काडेपेटी सर्द झाली की आम्ही पेटत्या दिव्यावर दुसरा दिवा कलता करून पेटवायचो, सगळेच करायचे. त्या दिवशी बुचाजवळून स्पिरिट ओघळलं आणि माझ्या ओढणीवर पडलं. खिडकीतून ऊन येत होतं. मला ज्वाळा दिसलीच नाही. स्पिरिटची ज्वाळा फिकट निळी असते, उन्हात ती जवळजवळ अदृश्य. हाताला चटका बसला तेव्हा कळलं. नायलॉनची ओढणी वितळून मनगटाला चिकटली. बाईंनी ओल्या गोणपाटाने हात गुंडाळला आणि विझवला. पुढे नळाखाली बराच वेळ. चिकटलेलं कापड त्यांनी ओढू दिलं नाही, ते डॉक्टरांनी काढलं. आज माझी मुलगी आठवीत आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती सुती कपडे घालते, वेणी बांधते आणि ओढणी दप्तरात ठेवते.

मुलुंड, प्रयोगशाळा सहायक

थोडक्यात सांगतो. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच. पोरं तिवईवरून उतरवलेलं भांडं लगेच धरतात. मी तापलेल्या काचेसाठी एक लाकडी फळी वेगळी ठेवली आहे. तिच्यावरच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. आणि बुचात काचेची नळी घालताना जोर करू नका. टोकाला ग्लिसरीन लावा, नळी फडक्यात धरा, बुचाच्या जवळ धरा, फिरवत घाला. एका मुलाच्या तळव्यात नळी मोडली होती. टाके मी मोजले होते, सहा.

बोरिवलीहून एक आई

शाळेत थर्मामीटर फुटला. मुलाने पाऱ्याचे गोळे कागदावर गोळा केले आणि कंपासपेटीत घालून घरी आणले. त्याला ते फार सुंदर वाटले होते, आणि खरंच ते सुंदर दिसतात. जेवणाच्या टेबलावर सांडले तेव्हा मी हाताने गोळा करायला गेले आणि बोटातली सोन्याची अंगठी बघता बघता पांढुरकी झाली. पारा सोन्यात शिरतो हे तेव्हा कळलं.

पुढचं शेजारच्या काकांनी सांगितलं, ते रसायनांच्या कंपनीत होते. पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुलं खोलीबाहेर. झाडू अजिबात नाही, झाडूने गोळे बारीक होऊन फटींत जातात आणि त्यांची वाफ कित्येक दिवस नाकात जात राहते. दोन पोस्टकार्डांनी गोळे एकत्र लोटले, ड्रॉपरने उचलले, घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद केले. बेसिनमध्ये ओतायचं नाही हेही त्यांनीच बजावलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. रागावायला नाही, विचारायला, की फुटल्यावर मुलांना काय करायला सांगितलं होतं. कुणी काहीच सांगितलं नव्हतं. भरपाईचे पैसे मागतील म्हणून मुलगा गप्प राहिला होता. मला ते जास्त लागलं.

लालबाग, विज्ञान शिक्षक

वर बाईंनी पाण्याचं लिहिलं, मी उंदरांचं लिहितो. आमच्या जुन्या इमारतीत बर्नरच्या रबरी नळ्या उंदीर कुरतडतात. जुलैतला दिवस, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या रात्रभर बंद. सकाळी दार उघडलं तर वास पायाजवळ जास्त, नाकाशी कमी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, टेबलांच्या खाली साचून राहतो. सवयीने हात पंख्याच्या बटणाकडे गेला होता. शिपाईमामा मागून ओरडले, "सर, बटण नको!" बटणाची ठिणगी पुरली असती. मुलांना मैदानात पाठवलं, दारं-खिडक्या उघडल्या, मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. आता तो रोज संध्याकाळी बंद होतो. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं हे सोमवारचं काम. मामांचं नाव सूचनाफलकावर लावा असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, त्यांनी लावलं.

विलेपार्ले, निवृत्त शिक्षिका

मे महिन्याच्या सुट्टीनंतर सोडियमची बाटली आधी बघा. रॉकेल उडून गेलेलं असतं आणि तुकड्यांवर पांढरी पुटं चढलेली असतात. ते तुकडे बेसिनमध्ये टाकू नका, पाणी लागलं की सोडियम भडकतं. आमच्याकडे एका नवीन सहकाऱ्याने टाकले आणि खालचा पाइप फुटला. सुदैवाने खाली कुणी बसलेलं नव्हतं.

धागाकर्ती

सुरुवातीच्या त्या तीन बाटल्यांचं काय केलं, असं विचारलंत. वास घेऊन ओळखायचा मोह झाला होता, घेतला नाही. एकेक वेगळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात, रेती घालून, 'ओळख पटलेली नाही' असं लिहून कुलपात ठेवल्या आहेत. जवळच्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग त्या तपासायला तयार आहे. नवी लेबलं पेन्सिलने लिहिली, कारण शाई दमटपणात फुटते, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळली. हायड्रोक्लोरिक आणि अमोनिया आता एका फळीवर नाहीत. दोन्हींच्या वाफांनी काचांवर पांढरी भुकटी बसत होती आणि मी ती इतकी वर्षं धूळ समजून पुसत आले.

मंगळवारी दहावी 'ब'चं प्रात्यक्षिक आहे. पहिला तास मागून घेतला, तेव्हा नळाला पाणी असतं.