एम.टेक.साठी नोकरी सोडू का? परवापर्यंत ठरवायचंय, प्लीज मदत करा

कृष्णाकाठची: नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा. गेट परीक्षेतून एनआयटीला (केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज) सीट लागलीय, सीसीएमटीच्या, म्हणजे एम.टेक. प्रवेशाच्या, पोर्टलवर परवा संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. पुण्यात एका कन्सल्टंटकडे तीन वर्षं नोकरी करतेय, हातात 32 हजार. सगळं सोडून दोन वर्षं परत शिकायला जाणं फायद्याचं आहे का? बाबा म्हणतात तुझं तू बघ, आई म्हणते आता परत कॉलेज कशाला, आणि ऑफिसमधले सर म्हणतात थांब, दिवाळीनंतर पगार वाढवतो. दोन रात्री झोप नाही.

अमोल_बीई: ब्रँच कुठली? स्कोअर किती? कुठलं एनआयटी? एवढं तरी सांगा की.

साइटवाला_काका: मी 22 वर्षं साइटवर आहे, अनुभवाने सांगतो, नोकरी सोडू नकोस. एम.टेक. करून आलेल्या मुलांना ऑटो लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावता येत नाही, सळईचं बीबीएस (कापायची-वाकवायची यादी) काढता येत नाही, आणि पगार बीई तीन वर्षं अनुभववाल्याइतकाच मागतात. हीच दोन वर्षं साइटवर घाल, नंतर स्वतःचं काम सुरू कर.

ध्येय_वर्दी: ताई, एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकीची तयारी करा. एम.टेक.ची काही गरज नसते, बीईवर देता येते. पीडब्ल्यूडी, जलसंपदा, आयुष्यभराची चिंता मिटते. मी नोट्स पाठवू शकतो.

कृष्णाकाठची: एमपीएससीचं विचारलंच नाहीये ओ. सिव्हिल. स्कोअर 587.

टेक्सासकर: एनआयटीपेक्षा इकडे अमेरिकेत एमएसला या असं मी म्हणेन. स्टेम (विज्ञान-इंजिनिअरिंगची) डिग्री असली की ओपीटीचं, म्हणजे शिकून झाल्यावर इकडे नोकरी करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि वर अजून दोन वर्षं मिळतात, तेवढ्यात कर्ज बऱ्यापैकी फिटतं. माझं तरी फिटलं.

अमोल_बीई: टेक्सासकर, तुम्ही आलात ते दिवस वेगळे होते, आता व्हिसाची काय परिस्थिती आहे ते रोज वाचतोय. आणि त्यांना परवापर्यंत उत्तर द्यायचंय, त्यात जीआरई-टोफेल कुठून आणणार? इथे उलट महिना 12,400 स्टायपेंड मिळतो. मोठी रक्कम नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत, मेसचं निघतं. फक्त पहिले काही महिने उशिरा येतो हे धरून चाला, मला पहिला हप्ता दसरा उलटल्यावर मिळाला होता. आणि बदल्यात आठवड्याला आठ तास लॅबचं किंवा पेपर तपासायचं काम असतं.

सुलभाताई_के: नोकरी न सोडता पार्ट टाइम कर ना. माझ्या भाच्याने केलं.

अमोल_बीई: पार्ट टाइमला स्टायपेंड नसतो ताई. आणि दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी वर्गात बसल्यावर काय डोक्यात शिरतं ते मी मित्राचं बघितलंय.

कृष्णाकाठची: पगारासाठी जायचं नाहीये मला, हे आधी लिहायला हवं होतं. ऑफिसमध्ये मी दिवसभर ईटॅब्स या बिल्डिंग डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल चालवते. डिझाइन रन केलं की जे मेंबर (बीम, कॉलम) फेल होतात ते लाल दिसतात. लाल दिसला की साइज वाढव, स्टील वाढव, परत रन कर, लाल गेला की ड्रॉइंग साइटवर. तीन वर्षांत एकदाही मला कोणी सांगितलं नाही की तो लाल का झाला. विचारलं तर सर म्हणतात, वेळ नाही, साइज वाढव. त्या बिल्डिंगमध्ये लोक राहायला जाणार आहेत आणि मला माहीत नाही मी काय केलंय, याचा फार त्रास होतो.

साइटवाला_काका: बाई, हे तू आधीच लिहायचंस. पण ते 'का' साइटवरच कळतं. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक 135 अंशात का वाकवायचा हे मला कुठल्या प्रोफेसरने नाही शिकवलं. बार बेंडर 90 ला वाकवून मोकळा होतो, कारण ते सोपं. मी उभा राहून परत करून घेतो.

अमोल_बीई: काका, तुम्ही करून घेता त्याबद्दल आदरच आहे. पण तो नियम आयएस 13920 या भूकंपाच्या कोडमध्ये आला कुठून? भूकंपात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटून पडलं की 90 चा हूक उघडतो, रिंग सैल होते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. हे कोणीतरी लॅबमध्ये कॉलम तोडून बघितलं तेव्हा कोडमध्ये आलं. किल्लारी 1993 पर्यंत नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. अभ्यास करणारी माणसं लागतातच.

साइटवाला_काका: मी कुठे नाही म्हणतोय. किल्लारीनंतर तिकडे घरं बांधायच्या कामावर माझा थोरला भाऊ होता. त्याने जे सांगितलं ते मी विसरलो नाही, म्हणूनच हुकासाठी भांडतो.

अमोल_बीई: मग माझं मत, जावं. स्ट्रक्चर, म्हणजे बिल्डिंग डिझाइनची ब्रँच, कुठे मिळालंय?

कृष्णाकाठची: स्ट्रक्चर नाही मिळालं, वरंगळला जिओटेक मिळालंय. यादीत त्याच्या वर नागपूरला व्हीएनआयटीचं स्ट्रक्चर आणि अर्थक्वेक भरलं होतं, ते अजून नाही लागलं.

अमोल_बीई: अहो, मग सगळा प्रश्नच बदलला!

सुलभाताई_के: जिओटेक म्हणजे मातीचं ना? त्यात मुलींना साइटवर बोरिंगला पाठवतात, जपून हो.

पाया_पक्का: सुलभाताई, मी बाई आहे आणि नऊ वर्षं हेच करतेय, रिगपाशी उभी राहून एसपीटीचे (माती किती घट्ट आहे ते बघायच्या चाचणीचे) ब्लो मोजते, काही होत नाही. कृष्णाकाठची, जिओटेक कमी समजू नकोस. मुंबईची मेट्रो 3 जवळजवळ सगळी जमिनीखालून गेलीय, पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेटही खालूनच. आमच्याकडे माणसं मिळत नाहीत. तू सांगलीकडची का? घर काळ्या मातीवर आहे का?

कृष्णाकाठची: हो, मिरजेजवळ. स्वयंपाकघराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग आहे. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं जातं, श्रावणात मिटते. बाबा दर दिवाळीला पुट्टी भरतात.

पाया_पक्का: हेच ते. माती सुकली की आक्रसते, भिजली की फुगते, भिंत तिच्याबरोबर हलते. पुट्टीने कधीच जाणार नाही. पहिल्याच सेमिस्टरला तुला कळेल का ते.

ध्येय_वर्दी: मग परवा फ्रीज करून टाका, म्हणजे हीच सीट पक्की. फ्लोट केलं, म्हणजे वरच्यासाठी थांबलात, तर हातची सीट जाते.

अमोल_बीई: चूक. फ्लोट केलं आणि वरचं काही नाही लागलं तर हीच सीट राहते. वरचं लागलं तर मात्र ही आपोआप जाते, परत मागता येत नाही. म्हणजे नागपूर लागलं तर वरंगळ विसरायचं, एवढं मनाशी पक्कं असेल तर फ्लोट. स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरची ब्रँच, तुमच्या यादीत वरंगळचं स्ट्रक्चर जिओटेकच्या वर आहे का बघा.

कृष्णाकाठची: आहे, दुसऱ्या नंबरवर. मग फ्लोटच करते, नाहीतर जिओटेक आहेच, आता त्याचं वाईट नाही वाटत. अजून एक, नोटीस एक महिन्याची आहे आणि सर म्हणतायत मधेच सोडलं तर अनुभवाचं पत्र देणार नाही. असं करता येतं का त्यांना? उद्या सकाळी बोलायचंय त्यांच्याशी.

साइटवाला_काका: ऑफर लेटरवर काय लिहिलंय ते शब्द न् शब्द इथे टाक. तोंडी बोलू नकोस, आधी राजीनामा मेलवर पाठव, पगाराच्या स्लिपा काढून ठेव.

कृष्णाकाठची: ऑफर लेटर सांगलीला घरी आहे, आईला फोटो काढायला सांगते.