ग्रंथपालांना वर्गात येऊ द्यावं, की कपाटंच सांभाळू द्यावीत?

खाडीपलीकडची (ऐरोली)
परवा लेकीच्या शाळेत पालकसभा होती. ती सातवीत आहे. मुख्याध्यापकांनी अर्धा तास नव्या स्मार्ट बोर्डाचं कौतुक केलं, मग टॅबचं, मग कुठल्याशा अ‍ॅपचं. ग्रंथपालबाई दाराशी हजेरीचा कागद घेऊन उभ्या, आमच्या सह्या घेत होत्या. शेवटी मी विचारलं, ह्या सगळ्यात ग्रंथालयाचं काय? उत्तर आलं, 'ती खोली आता टॅब ठेवायला घेतोय.'

बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात, स्कॅन केला की दीक्षा या सरकारी पोर्टलवर पाठाचं काहीतरी उघडतं. लेक ते बघते आणि फोन परत देते. पुढे काय वाचायचं, कुणाचं खरं मानायचं, हे तिला कुणी सांगत नाही. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, मराठी विश्वकोश आहे, हे मलाही कालपरवा कळलं. माहिती शोधायचं आणि पारखायचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस शाळेत एकच असतो आणि त्यालाच आपण सह्या गोळा करायला उभं करतो. माझं मत: प्रकल्पाच्या तासाला विषयशिक्षकाबरोबर ग्रंथपाल वर्गात हवेतच. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा (नौपाडा)
साफ असहमत. २२ वर्षं गणित-विज्ञान शिकवतोय. तास ३५ मिनिटांचा. पाच हजेरीत, पाच बोर्ड सुरू व्हायला. उरलेल्यात पोर्शन संपवू की पाहुण्यांना खुर्ची देऊ? ग्रंथपाल मंडळींबद्दल आदर आहे, पण अपूर्णांकाचा कुठला व्हिडिओ बरा, हे अपूर्णांक शिकवणाराच सांगू शकतो. मला हवाय तो बोर्ड बंद पडल्यावर लगेच येणारा माणूस. कंपनीवाला चार दिवसांनी उगवतो. सभेत बोलायला सोपं असतं हो, एकदा वेळापत्रक लावायला बसा.

घणसोली_लोकल
सरांशी सहमत, कारण वेगळं. मी आयटीत आहे. मुलगा एआयला विचारतो, दोन सेकंदांत उत्तर, तेही मराठीत. मध्ये माणूस कशाला? बँकेत पासबुक भरून द्यायला माणूस असायचा, आता मशीन आहे. कोणी रडलं का?

खाडीपलीकडची
रडले ना, माझे सासरे. अजून पासबुक उलटं घालतात.

अर्धवेळ (कळवा)
इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. मी शाळेत ग्रंथपाल आहे, अर्धवेळ. म्हणजे पगार अर्धा, कपाटं पूर्ण.

घणसोलीकर, तुमच्यासाठी एक प्रसंग. गेल्या वर्षी सहावीला 'आपलं ठाणे' असा प्रकल्प होता. प्रश्न: भारतातली पहिली रेल्वे कधी धावली? बहुतेकांनी १८५३ लिहिलं, ठाण्यातल्या पोराला हे झोपेतही येतं. पण एकानं टॅबवरून १८५१ आणलं आणि एकीनं १८३७. झाली जुंपली. 'ठाण्यात राहतोस आणि १८५१ म्हणतोस?' इथपर्यंत गेलं.

मी तीन कागदांवर तीन सालं लिहून फळ्याला चिकटवली. खाली लिहायचं: कुठे धावली, काय वाहून नेलं, कुणी सांगितलं. दोन पोरं टॅबवर, दोन विश्वकोशाच्या खंडात, बाकीची त्यांच्या डोक्यावर. हळूहळू कागद भरले. १८३७: मद्रासजवळ रेड हिल्सची गाडी, दगड वाहायची. १८५१: रुरकीजवळ, कालव्याच्या कामाची माती. १६ एप्रिल १८५३: बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. खिडकीशी बसणारी एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, 'बाई, प्रश्नच अर्धा आहे. पहिली कसली?'

घणसोली_लोकल
आत्ताच एआयला विचारून बघितलं. '१८५३, पहिली प्रवासी रेल्वे' म्हणाला. मालगाडीचं वेगळं विचारलं तेव्हा १८३७ आलं. मग प्रश्न नीट विचारला की झालं ना?

अर्धवेळ (कळवा)
हो. तोच तास घेते मी.

खडूफळा (नौपाडा)
प्रसंग छान. पण तो तास कुणाचा होता?

अर्धवेळ (कळवा)
बरोबर पकडलंत सर. इतिहासाच्या बाई रजेवर होत्या, ऑफ तास होता. ग्रंथपाल वर्गात जातो तो असाच, कुणीतरी आजारी पडल्यावर. बाकी वेळ शिष्यवृत्तीचे फॉर्म, पोर्टलवर आधार जुळवणं. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलंय; वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. त्याच परिशिष्टात शिक्षकांची यादी आहे, कला आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशकही आहेत. ग्रंथपाल नाही.

आणि ऐरोलीच्या ताई, तुम्ही आमच्या बाजूनं बोललात, बरं वाटलं, पण भीतीही वाटली. 'ग्रंथपालांकडे टॅब द्या' असा ठराव झाला की त्याचा अर्थ चार्जिंगला लावा, मोजा, काच फुटली की खुलासा द्या. आमच्याकडे तसं झालंय. दाखल नोंदवहीत पुस्तकं कमी आणि चार्जर जास्त अशी वेळ आली.

अवांतर: अपूर्णांक ग्रंथपालाला काय कळणार, असं सर म्हणाले. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे आमचे रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापकच होते :)

खडूफळा (नौपाडा)
हा टोला मान्य. वेळापत्रकाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. दोन माणसं एका तासाला द्यायची तर दुसऱ्या कुठल्यातरी वर्गात गोंधळ होणार, हे गणित कुठलाही रंगनाथन बदलू शकत नाही.

तरी एक कबूल करतो. यंदा नववीला ऊर्जेवर प्रकल्प दिला. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, पेनड्राइव्हवरून काढून देतात. चौदा जणांचे शब्दन् शब्द सारखे. एकावर तर मागच्या वर्षीच्या मुलाचं नाव तसंच. मी सगळे परत केले आणि पुन्हा लिहायला लावले, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आले.

तुमची ती तीन कागदांची युक्ती पवनचक्कीला चालेल का? प्रत्येकानं आणलेला आकडा कुठून आला ते लिहायचं, अशी. आमच्याकडेही एक ग्रंथपाल सर आहेत, विचारून बघतो. एक तास देईन. एकच.

खाडीपलीकडची
सर, 'साफ असहमत' पासून एक तास!

खडूफळा (नौपाडा)
असहमत आहेच. प्रयोग करायला काय जातंय.

अर्धवेळ (कळवा)
चालेल की, उलट आकड्यांना जास्त चांगली चालते. पण त्यांना विचारायच्या आधी त्यांची सुटायची वेळ बघा. मी साडेदहाला सुटते. आमच्या नववीचा प्रकल्पाचा तास पावणेअकराला असतो.